वाळवंटी कॅम्पवरील संध्याकाळ (सम, जैसलमेर)

राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात, थरच्या वाळवंटात पर्यटकांसाठी उभारलेल्या तंबूंच्या तळावर दुपार उतरल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालणारा ठरीव कार्यक्रम. उंटावरची रपेट, टेकडीवरून पाहिलेला सूर्यास्त, शेकोटीभोवती लोकसंगीत व नृत्य आणि राजस्थानी पद्धतीचे जेवण हे त्याचे भाग होत. जैसलमेर शहराच्या पश्चिमेस सुमारे ४० किमी.वर असलेले सम आणि नैर्ऋत्येकडील खुहडी ही या कार्यक्रमाची दोन प्रमुख ठिकाणे आहेत. पर्यटक बहुधा एकच रात्र राहतो आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून निघतो. त्यामुळे थरविषयी त्याच्या मनात जे चित्र उमटते, ते बरेचसे या चार-पाच तासांतच घडते.

जैसलमेर जिल्ह्याचा मोठा भाग खडकाळ व मुरमाड आहे, ही गोष्ट प्रथमच येणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. क्षितिजापर्यंत पसरलेली वाळू सर्वत्र दिसत नाही. ती पट्ट्यापट्ट्यांनी साचलेली असते. समजवळच्या टेकड्यांवर झाडोरा फारच कमी आहे आणि त्या डांबरी रस्त्याला लागून आहेत, म्हणून कॅम्पांची दाटी तेथे झाली. वाळूच्या टेकडीला स्थानिक बोलीत ‘धोरा’ म्हणतात. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू लांब व मंद उताराची असते. आडोशाच्या बाजूला मात्र कोरडी वाळू ज्या कोनात स्थिर राहू शकते तेवढा, म्हणजे तीस अंशांहून थोडा अधिक, उतार तयार होतो. या बाजूने चढू पाहणाऱ्याचा पाय प्रत्येक पावलाला अर्धा मागे घसरतो. उंटवाले आपली जनावरे नेहमी मंद उताराने वर नेतात ती त्यामुळेच.

दुपारी तीन-चारच्या सुमारास पाहुणे पोचतात. ढोलाच्या ठेक्यावर कपाळाला कुंकवाचा टिळा लावला जातो, चहा-भजी होतात आणि सूर्य कलू लागताच मंडळी उंटावर, उंटगाडीत किंवा उघड्या जीपमधून धोऱ्यांकडे निघतात. उंट उठताना प्रथम मागचे पाय ताणतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो. मग पुढचे पाय सरळ होतात आणि तो तितक्याच जोराने मागे ढकलला जातो. खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरून उठताना मागे रेलावे, एवढी एक सूचना पाळली तरी पडण्याची भीती बरीच कमी होते. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी उचलतो, त्यामुळे स्वाराला घोड्यावर न येणारा, डावीउजवीकडे झुलण्याचा अनुभव येतो. पर्यटकाला उंट येथे मुबलक दिसतात, परंतु हे दृश्य फसवे आहे. देशातील उंटांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ४ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे अडीच लाखांवर आली. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू घोषित केले. मात्र शेतीत ट्रॅक्टर आणि वाहतुकीत ट्रक आल्यावर उंट पाळण्याचे जुने कारण उरले नाही, आणि कित्येक कुटुंबांसाठी पर्यटकाची रपेट हाच उंट पोसण्याचा आधार झाला आहे.

सूर्य मावळला की तासाभरात हवा पालटते. कोरडी वाळू उष्णता खोलवर साठवत नाही. दिवसभर तापलेला वरचा थर तितक्याच लवकर निवतो आणि हवेत बाष्प व ढग नसल्यामुळे उष्णता आकाशाकडे निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगावर सुती कपडा पुरतो, तर रात्री शाल व कानटोपी लागते. शेकोटी ही येथे शोभेची वस्तू नाही, ती या थंडीची गरज आहे. तंबूंच्या मधल्या मोकळ्या चौकात ती पेटवतात, तिच्या एका बाजूला कलावंतांचा चौथरा असतो आणि तीन बाजूंना गाद्या, लोड व खाटा मांडलेल्या असतात.

या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे गाणे, आणि ते गाणारे बहुतेक मांगणियार समाजाचे असतात. जैसलमेर व बारमेर जिल्ह्यांत मुख्यत्वे वसलेला हा वंशपरंपरेने गाणारा मुसलमान समाज असून त्यांचे यजमान प्रामुख्याने राजपूत व इतर हिंदू कुटुंबे आहेत. यजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न ठरले, वरात निघाली की त्या त्या प्रसंगाची गाणी मांगणियाराने गायची, घराण्याची वंशावळ मुखोद्गत ठेवून त्याचा ‘शुभराज’, म्हणजे गौरवाचे गान, म्हणायचा आणि त्याबद्दल धान्य, जनावर, कपडा किंवा रोख रक्कम हक्काने घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. देवीची व कृष्णाची गाणी आणि सूफी संतांची पदे एकाच गळ्यातून, सारख्याच भक्तीने येतात. नावात ‘मागणे’ दिसत असले तरी या समाजाला भिक्षेकरी समजणे चूक आहे. सात पिढ्यांची नावे तोंडपाठ असलेला मांगणियार हा यजमानाच्या घराचा जिवंत दप्तरखानाच होता. लंगा हा शेजारचा, असाच गाणारा समाज. त्यांचे यजमान मुख्यतः सिंधी सिपाही मुसलमान असून सिंधी सारंगी व सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची, वाद्ये ही त्यांची खासियत आहे.

मांगणियारांचे खास वाद्य कमायचा. आंब्याच्या एकाच लाकडातून कोरलेली त्याची वाटोळी, मोठी तुंबडी बकऱ्याच्या कातड्याने मढवतात, मुख्य तारा आतड्याच्या असतात आणि त्यांच्या बाजूने धातूच्या तरफा, म्हणजे साथीच्या तारा, गुंजत राहतात. गजाची पहिली ओढ पडताच जो घोगरा, भरीव स्वर उठतो तो छातीत जाणवतो. खडताल हे दुसरे वाद्य दिसायला अगदी साधे आहे. प्रत्येक हातात लाकडाच्या दोन चपट्या पट्ट्या, त्यांतली एक अंगठ्याशी पक्की आणि दुसरी बोटांवर मोकळी. एवढ्या सामग्रीतून वादक ढोलकच्या बोलाला बोलाने असे उत्तर देतो की पाहणाऱ्याला बोटे दिसेनाशी होतात. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) आणि लेखक विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा येथे स्थापन केलेल्या रूपायन संस्थानाने ही गाणी ध्वनिमुद्रित केली, कलावंतांना गावाबाहेरच्या रंगमंचावर आणले आणि मांगणियार व लंगा ही नावे देशाला परिचित करून दिली.

हे कलावंत कॅम्पवर आले यामागे इतिहास आहे. जैसलमेर संस्थान १९४९ मध्ये राजस्थानात विलीन झाले, १९५२ च्या कायद्याने जहागिरी गेल्या आणि मोठ्या यजमानांची देण्याची ताकद ओसरली. पुढे पर्यटन वाढले तेव्हा कॅम्प हाच एक नवा यजमान ठरला. तो नियमित पैसे देतो, पण त्याच्या घरी ना जन्म असतो ना लग्न, आणि समोर बसलेल्याचे नाव-गाव गायकाला माहीत नसते. त्यामुळे गाण्यांची निवड आक्रसली आहे. स्वागताचे, मांड या राजस्थानी गायनशैलीतले एखादे गीत, चित्रपटांमुळे कानावर पडलेली दोन-तीन लोकगीते आणि शेवटी एखादी सूफी कव्वाली, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी कार्यक्रम आटोपतो. ध्वनिवर्धक लावल्यावर पेटीचा आवाज सहज पोचतो, कमायचाचा बारकावा हरवतो, म्हणून बऱ्याच चौथऱ्यांवर कमायचाच्या जागी पेटी आली आहे. ही हानी लहान नाही. श्रोत्यांनी कमायचा ऐकण्याची इच्छा सांगितली, ध्वनिवर्धक बंद करून जवळ बसण्याची तयारी दाखवली, तर त्याच कलावंतांकडून निराळ्याच प्रतीचे गाणे ऐकायला मिळते.

नृत्यांत कालबेलिया हे सर्वांत लोकप्रिय. कालबेलिया हा साप पकडणारा, भटका समाज; तो आपली गुरुपरंपरा नाथपंथातील कानिपाव, म्हणजे मराठी वाचकांना परिचित असलेले कानिफनाथ, यांच्यापर्यंत नेतो. पुरुष पुंगी व खंजिरी वाजवतात आणि काळ्या, रुपेरी किनारींनी सजवलेल्या घेरदार घागऱ्यातील स्त्रिया नागाच्या हालचालींचा भास देणाऱ्या गिरक्या घेतात. गाणी पुष्कळदा जागच्या जागी रचली जातात. गिरकीचा वेग वाढत जाऊन घागरा पूर्ण वर्तुळाकार पसरतो, आणि मग नर्तिका कंबरेतून मागे वाकत जमिनीवरची नोट ओठांनी उचलते. टाळ्या हमखास या शेवटच्या कसरतीला पडतात. जाणकाराचे लक्ष मात्र गिरकी थांबवतानाच्या मानेच्या झटक्याकडे आणि मनगटांच्या वळणाकडे असते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि साप बाळगणे व खेळवणे बेकायदा ठरले. समाजाचा परंपरागत धंदा गेला आणि पूर्वी होळीसारख्या सणांत, आपल्याच वस्तीत होणारे नृत्य उपजीविकेचे साधन झाले. त्याला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देण्यात याच समाजातील नर्तिका गुलाबो सपेरा यांचा वाटा मोठा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतील भारत महोत्सवात त्यांनी हे नृत्य सादर केले आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. युनेस्कोने २०१० मध्ये कालबेलियांची लोकगीते व नृत्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. कॅम्पवर हे नृत्य ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून सादर होते. प्रत्यक्षात रंगमंचावरचे त्याचे आजचे रूप गेल्या काही दशकांत, या समाजातील स्त्रियांनी बिकट परिस्थितीतून घडवले आहे, आणि हे सत्य त्या घोषणेपेक्षा अधिक गौरवाचे आहे.

बाकीच्या नृत्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. भवाईत डोक्यावर मडक्यांची उतरंड तोलून नर्तिका पितळी थाळीच्या काठावर किंवा तलवारीच्या पात्यांवर उभी राहते. तेराताळीत कामड समाजाच्या स्त्रिया बसल्या बसल्या हातापायांना बांधलेल्या तेरा मंजिऱ्या, म्हणजे छोट्या झांजा, वाजवतात. तिचे मूळ स्थान लोकदेवता रामदेव यांची उपासना हे होय. डोक्यावर पेटते भांडे तोलून करावयाचे चरी नृत्य किशनगढ भागातील गुज्जर समाजाचे. घूमर हे घरंदाज स्त्रियांचे, आपसात करावयाचे नृत्य असून पुरुषांच्या मैफलीत ते पूर्वी होत नसे. तोंडातून ज्वाळा फेकण्याचा जो खेळ कॅम्पवर ‘अग्निनृत्य’ म्हणून दाखवतात, त्याचा बिकानेरकडील जसनाथी पंथाच्या सिद्धांच्या धगधगत्या निखाऱ्यांवरील नृत्याशी काही संबंध नाही. दूरदूरच्या प्रदेशांतील आणि समाजांतील या गोष्टी एका तासात एकाच चौथऱ्यावर आल्याने त्या सर्व जैसलमेरच्याच, असा समज होतो. निवेदकाने प्रत्येक नृत्याआधी दोन वाक्ये सांगितली तर तो टळेल. अखेरीस प्रेक्षकांना फेर धरायला बोलावतात आणि लहान मुले सर्वांत आधी उठतात.

जेवणात दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, कढी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि केर-सांगरी असते. वाळवंटाची खरी ओळख पटते ती केर-सांगरीत. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे आपल्याकडची शमी. केर ही काटेरी, जवळजवळ निष्पर्ण झुडपाची हिरवी फळे. मराठीत या झुडपाला नेपती म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन्ही गोळा करून वाळवतात आणि वर्षभर वापरतात. केराचा कडवटपणा मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून काढतात. वर्षाला २०० मिमी.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडणाऱ्या मुलखात हिरवी भाजी दुर्मीळ आणि पाणी त्याहून दुर्मीळ. म्हणून वाळवलेल्या शेंगा, बेसन, ताक व तूप यांवर ही पाककला उभी राहिली. शेणीच्या निखाऱ्यात भाजलेली बाटी फोडून तुपात बुडवली की तिचे कवच कुरकुरीत राहते आणि आतला गाभा तूप शोषतो. मोठ्या कॅम्पवर भट्टीत भाजलेली बाटी मिळते. तिला तो धुरकट वास येत नाही. पर्यटकांच्या सवयी ओळखून पनीर, पुलाव आणि नूडल्सही मांडलेले असतात, आणि केर-सांगरीचे भांडे बरेचदा कोपऱ्यात असते. ते शोधून वाढून घ्यावे.

जेवणानंतर अनेक ठिकाणी मोठ्या आवाजात चित्रपटगीते लावून नाच चालतो. त्याचा विचार येथे गांभीर्याने व्हायला हवा, कारण या धोऱ्यांलगत १९८० साली घोषित झालेले, ३,१६२ चौ. किमी. विस्ताराचे राष्ट्रीय मरु उद्यान आहे आणि माळढोकाच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी ते सर्वांत महत्त्वाचे आहे. जगातील माळढोकांची संख्या आता दीडशेच्या आसपास किंवा त्याखाली मानली जाते. समलाच २०१९ मध्ये त्यांच्या बंदिस्त जागेतील प्रजननाचे काम सुरू झाले. मोकळ्या माळावर, जमिनीवरच एकेक अंडे घालणाऱ्या या लाजाळू पक्ष्याच्या अधिवासाशेजारी रात्रभर प्रखर दिवे, कर्णे आणि वाळूत धावणाऱ्या जीपगाड्या असणे योग्य नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या व पिशव्या वाऱ्याने धोऱ्यांच्या खोलग्यांत साचतात, आणि अंघोळीचे पाणी टँकरने आणावे लागते याची आठवण तंबूतल्या नळाकडे पाहून होत नाही. दिवे मालवले की दिसणारे आकाश हीसुद्धा या मुक्कामाची मोठी देणगी आहे; अमावास्येच्या जवळपासच्या हिवाळी रात्री चौकापासून दोनशे पावले दूर गेले तरी नजर सरावताच तारे दाट होत जातात.

हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या मरु महोत्सवात सर्वाधिक गर्दी होते. एप्रिलपासून ऊन व धुळीची वादळे वाढतात, तेव्हा बरेचसे तंबू उतरवले जातात. याच सुमारास आखा तीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. राजस्थानात हा लग्नांचा मोठा मुहूर्त. चौथऱ्यावर हिवाळाभर तीच चार गाणी गाणारा मांगणियार आता यजमानाच्या अंगणात बसतो आणि नवरदेवाच्या पणजोबांच्याही मागची नावे घेत शुभराज सुरू करतो.