आवाज फुटल्यानंतरचा तार सप्तक

ऑपेराच्या पहिल्या अंकाच्या शेवटी आर्बाचे नावाचा तरुण रंगमंचावर एकटा उरतो. राजाच्या खुनाचा आळ त्याच्यावर आलाय, खरा खुनी त्याचा बाप आहे आणि बापाचं नाव तर घेता येत नाही. शीड नाही, दोर नाही, अशा नावेतून खवळलेल्या समुद्रात निघालोय, असं तो गातो. फ्रांको फाजोलीच्या गळ्यातून या ताना सुटतात, तेव्हा नवख्या कानाला वाटतं की बाईच गातेय. गातोय मात्र पुरुष, चांगला आवाज फुटलेला.

हा ऑपेरा 'आर्तासेर्से'. संगीतकार लिओनार्दो विंची; चित्रकार लिओनार्दो दा विंची दोनशेहून अधिक वर्षं आधीचा, त्याच्याशी गल्लत नको. पहिला प्रयोग ४ फेब्रुवारी १७३० रोजी रोममध्ये झाला. पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगमंचावर बंदी होती, म्हणून स्त्रीभूमिकांसकट पाच भूमिका कास्त्राती, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेल्या, गायकांनी केल्या आणि एक टेनरने, म्हणजे नेहमीच्या पुरुषी आवाजात उंच गाणाऱ्याने. २०१२ साली डिएगो फासोलिस यांच्या संचालनाखाली निघालेल्या ध्वनिमुद्रणात त्या पाच जागी पाच काउंटरटेनर, म्हणजे बाईच्या पट्टीत गाणारे पुरुष, आहेत. फिलिप जारुस्की राजपुत्र झालाय, मॅक्स इमॅनुएल सेंचिच त्याची बहीण.

जागा त्याच, पण गळे वेगळे. कास्त्रातींवर लहानपणीच, वयात येण्याआधी शस्त्रक्रिया होई. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक नाही, त्यामुळे स्वरयंत्र वाढत नसे आणि आवाज फुटत नसे. हाडांची टोकं मात्र उशिरा जुळत, म्हणून हातपाय लांब होत आणि छातीचा पिंजराही मोठा होई. मुलाचे आखूड स्वरतंतू आणि त्यामागे मोठ्या माणसाचा दमसास! पोरांवर केलेला हा अत्याचारच होता, संगीत कितीही सुंदर असलं तरी.

काउंटरटेनरचे स्वरतंतू मात्र पुरुषाचेच असतात, साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर लांब. बोलताना ते पूर्ण जाडीने थरथरतात. उंच सुरात जाताना स्वरयंत्राच्या पुढचा एक स्नायू त्यांना ताणतो, तंतूंच्या आतला स्नायू सैल पडतो आणि फक्त पातळ कडा कंप पावतात. तंबोऱ्याची जाड खर्जाची तार आणि बारीक जोडाची तार यांत जो फरक, तो इथे एकाच तंतूत घडतो. कंठमण्याखाली बोट ठेवून खालून वर 'आ' सरकवत न्या. एका जागी आवाज निसटतो आणि छातीतला कंप विरतो. आपल्याकडे याला खोटा आवाज म्हणतात. मला हा शब्द अन्यायकारक वाटतो.

कारण अवघड काम पुढेच आहे. या अवस्थेत कडा नीट मिटत नाहीत, फटीतून हवा जाते आणि सूर फुसका होतो. ती फट मिटवायला, श्वास राखायला आणि घशातली पोकळी सुराला जुळवून घ्यायला वर्षानुवर्षं रियाज लागतो.

शेवटचा कास्त्रातो अलेस्सांद्रो मोरेस्की याचा आवाज १९०२ आणि १९०४ च्या जुन्या मुद्रणांत उरला आहे. तोवर त्याचा उमेदीचा काळ ओसरला होता आणि यंत्रही कच्चं होतं. त्यामुळे १७३० मधला आवाज नेमका कसा होता, ते त्यावरून ठरवणं मला पटत नाही.

फाजोलीची ती आरिया, म्हणजे सुरुवातीचं ते एकट्याचं गाणं, हेडफोन लावून ऐका. ताना वरून कोसळत खाली येतात आणि मंद्र सुरांवर तो तंतूंची पूर्ण जाडी वापरतो. इतका वेळ लपलेला पुरुषी आवाज दोन-चार स्वरांपुरता वर येतो, आणि पुढच्याच श्वासाला पुन्हा त्या पातळ कडा.