‘रिमांड होमला टाकलं’ म्हणजे नेमकं कुठं?

कोल्हापुरात पोराचं काहीही झालं की एकच वाक्य कानावर येतं, “रिमांड होमला टाकलं.” मग ते सीबीएस स्टँडवर मोबाईल मारलेलं सोळा वर्षांचं पोरगं असो, नाहीतर घरातून रुसून रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर झोपलेलं नऊ वर्षांचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मात्र दोघांची दारं वेगळी आहेत.

मोबाईलवालं पोरगं ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी बाई. बाकड्यावरचं पोरगं ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं’. तेही २४ तासांतच, पण बाल कल्याण समितीपुढं. तिथं अध्यक्ष आणि चार सदस्य. ठेवायची वेळ आलीच, तर पहिल्याला निरीक्षणगृह आणि दुसऱ्याला बालगृह.

गल्लत झाली की हरवलेल्या पोराचे आईबाप उगाच वकील हुडकत फिरतात. आणि मोबाईलवाल्याच्या घरचे ‘कलम अजामीनपात्र आहे’ म्हणून हातपाय गाळून बसतात. खरं तर अठराच्या आतल्या मुलाला, कलम कुठलंही असो, जामीन हाच नियम. सुटून ते गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं दिसलं, तरच मंडळ तो नाकारू शकतं, आणि तेही कारणं लिहून.

इथवर सोपं आहे. पण समजा, ऊसतोड टोळीबरोबर आलेलं पोरगं. शाळा सुटलेली, गुऱ्हाळावर राबणारं, आणि एक दिवस चोरीत सापडलेलं. हे कुठल्या दाराचं? दोन्ही. एकच मूल दोन्ही गटांत बसू शकतं हे कायद्यानंच मान्य केलंय, आणि मंडळ असं प्रकरण कुठल्याही टप्प्यावर समितीकडं पाठवू शकतं. ते सुचायला परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) मुलाच्या घरची-दारची माहिती देणारा सामाजिक तपासणी अहवाल बोलका हवा. ‘घरची परिस्थिती हलाखीची’ एवढ्या एका ओळीत गुऱ्हाळही दिसत नाही आणि सुटलेली शाळाही. माझ्या मते कुठल्याही जिल्ह्याची बाल न्याय यंत्रणा तपासायची तर आधी हे अहवाल चाळावेत, इमारतीचा रंग नंतर बघावा.

आढावा घेणारेही वेगळे. मंडळाकडच्या प्रलंबित प्रकरणांचा मुख्य न्यायदंडाधिकारी, समितीच्या कामाचा जिल्हाधिकारी, दोन्हीकडं दर तीन महिन्यांनी. त्यामुळं तक्रार घेऊन जाताना आधी दार ओळखावं.

प्रकरण निकाली काढायची मुदत दोन्हीकडं चार महिन्यांचीच. पण मंडळापुढची किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढवून दिलेल्या दोन महिन्यांतही उरकली नाही, तर प्रकरण आपोआप बंद होतं. समितीकडं तशी सोय नाही. तिथं फाईल अडली की बाकड्यावरचं ते पोरगंही बालगृहातच अडकून राहतं.