घरटे नेचा : ओळख व वर्गीकरण

घरटे नेचा (शास्त्रीय नाव : अ‍ॅस्प्लेनियम नायडस, कुल : अ‍ॅस्प्लेनिएसी) हा उष्ण कटिबंधातील दमट वनांत झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर वाढणारा नेचा आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये जावा बेटावरील वनस्पती म्हणून त्याचे वर्णन केले. रोपवाटिकांत तो ‘बर्ड्स नेस्ट फर्न’ म्हणून विकला जातो.

आखूड, उभ्या मूलक्षोडाभोवती (मुळे व पाने फुटणाऱ्या खोडाभोवती) लांब, अखंड पानांचे वर्तुळ असते. त्याच्या मध्यभागी पालापाचोळा साठून कुजतो व मुळे त्यातूनच पोषण घेतात. मात्र या ठेवणीवरून जात ठरवणे धोक्याचे आहे. अ‍ॅ. फायलिटिडिस, अ‍ॅ. अँटिक्वम आणि अ‍ॅ. ऑस्ट्रालॅसिकम यांची ठेवणही अशीच असते. मायक्रोसोरम पंक्टेटम हा तर वेगळ्याच कुलातील नेचा, पण त्याचीही पाने साधी, अखंड असल्याने बीजुके (नेच्याचे प्रजननकण) न धरलेले रोप सहज फसवते.

म्हणून पान उलटून पाहावे. मायक्रोसोरममध्ये बीजुककोशांचे (बीजुके धरणाऱ्या पिशव्यांचे) पुंज बारीक, गोल, विखुरलेले असतात आणि त्यांवर पुंजत्राण, म्हणजे पुंज झाकणारा पापुद्रा, नसते. घरटे नेच्यात ते रेषेसारखे, उपशिरांच्या कडेने तिरपे व समांतर लागतात आणि प्रत्येकावर पातळ पुंजत्राण असते. हे पुंज मध्यशिरेपासून निघून साधारण अर्ध्या वाटेवर थांबतात. अँटिक्वममध्ये ते कडेच्या दिशेने बरेच पुढे जातात. ऑस्ट्रालॅसिकमची मध्यशीर खालच्या बाजूने नावेच्या कण्यासारखी उठावदार असते, नायडसची गोलसर. नमुना दाबून वाळवला की हा उठाव दबतो, त्यामुळे त्याची नोंद ताज्या पानावरच करायला हवी. मूलक्षोडावरील शल्क (खवले) भिंगाखाली जाळीदार दिसतात. पण केवळ त्यावरून जात ठरत नाही.

या नेच्याच्या उपशिरा पानाच्या कडेलगत एका सलग शिरेला मिळतात. एकोणिसाव्या शतकात एवढ्या लक्षणावरून त्याला थॅम्नोप्टेरिस किंवा निओटोप्टेरिस या वेगळ्या प्रजातीत (जीनस, म्हणजे जातींच्या गटात) टाकले गेले. डीएनएच्या अभ्यासाने ती विभागणी टिकली नाही. २०१६ च्या पीपीजी (नेचे व तत्सम वनस्पतींच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या) वर्गीकरणात या कुलात अ‍ॅस्प्लेनियम आणि हायमेनास्प्लेनियम या दोनच प्रजाती आहेत. पहिलीत सुमारे ७०० जाती येतात.

खरा पेच जातीच्या पातळीवर आहे. पश्चिम जावातील हालिमुन राष्ट्रीय उद्यानात एकाच परिसरात वाढणाऱ्या रोपांमध्ये आरबीसीएल (वनस्पतींच्या वर्गीकरणात तपासल्या जाणाऱ्या हरितलवकातील एका) जनुकाचे तीन प्रकार आढळले. त्यांचा आपसांत संकर घडवण्याचे प्रयत्न केले, तेव्हा संकरित रोपे मिळाली नाहीत. म्हणजे दिसायला जवळजवळ सारखी असलेली ही रोपे प्रजननदृष्ट्या वेगळी आहेत. अशा स्थितीत केवळ वाळलेल्या पानावरून ‘नायडस’ असे ठामपणे लिहिण्यापेक्षा ‘नायडस समूह’ लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. नमुन्यासोबत समुद्रसपाटीपासूनची उंची, आधारवृक्ष, खोडावरील जागा आणि ताज्या मध्यशिरेचा आकार नोंदवावा. पानाचा एक तुकडा सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या कणांत) वाळवून ठेवला, तर पुढे जनुकीय तपासणी करता येते.