पाय उचलायच्या आधी आणि पाय टेकल्यावर

गेल्या मे महिन्यात माझ्या पुतण्यानं एका पायावर उभं राहून बॅटिंग करायला सुरुवात केली. वय १२, खेळ बेसबॉल, मैदान म्हणजे कळंब्याच्या बाजूला घरामागं पडून असलेला मोकळा प्लॉट, आणि चेंडू टाकायला मी. पहिल्या चेंडूला तो पाय हवेत धरून उभा राहिला, दुसऱ्याला डुलला, तिसऱ्याला सरळ खाली बसला.

"काका, तो जपानी असाच खेळायचा की. ८६८ होम रन मारल्यात त्यानं."

आकडा बरोबर होता (होम रन म्हणजे आपल्या षटकारासारखा कुंपणापार मारलेला फटका). तो जपानी म्हणजे सादाहारू ओ, डावखुरा. चेंडू यायच्या बेताला उजवा पाय गुडघ्यात मोडून वर घ्यायचा आणि बगळ्यासारखा डाव्या पायावर तोलून राहायचा. पोरानं व्हिडिओ थांबवून नेमकं तेवढंच चित्र उचललं होतं. पुढच्या क्षणी तो पाय खाली येतो तेव्हा ओ कसा असतो, ते त्यानं बघितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर मीही बघितलं नव्हतं.

बेसबॉलच्या बॅटिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडं त्या सर्रास एकच समजल्या जातात. पहिली, पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, हालचाल सुरू करायच्या आधी बॅट्समन जसा उभा असतो तो स्टान्स. दुसरी, पुढचा पाय उचलून पुन्हा जमिनीवर टेकतो त्या क्षणी त्याचं अंग ज्या ठेवणीत असतं ती. इंग्रजीत हिला लॉन्च पोझिशन म्हणतात. आमच्या घरी तिला नुसतं 'टेकल्यावर' असं नाव पडलंय. "टेकल्यावर कसा होतास?" एवढं विचारलं की पुतण्याला कळतं.

कोल्हापुरात हे समजावून सांगायला परदेशात जायची गरज नाही. खासबागेत बसून कुस्त्या बघितलेल्या कुणालाही विचारा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान, तिथं सलामी झाली की एक पैलवान कमरेत वाकून हात लोंबते सोडतो, दुसरा जवळजवळ ताठ उभा राहून फिरत राहतो, तिसरा एक पाय बराच पुढं टाकतो. हे झाले पवित्रे, प्रत्येकाचा आपापला. पण पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, आत शिरला, की ताठ उभा राहणारा असो वा वाकलेला, डोकं, खांदा आणि गुडघा ठरल्या जागी लागतातच. वस्ताद पवित्र्यावरून क्वचितच ओरडतो, आत शिरताना डोकं चुकीच्या बाजूला गेलं की मात्र लगेच ओरडतो.

क्रिकेटमधलं उदाहरण हवं असेल तर शिवनारायण चंद्रपॉल. बोलरकडं छाती करून, दोन्ही डोळे समोर, जणू कुणाशी गप्पा मारायला उभा आहे असा. पण चेंडू सुटेपर्यंत तो सरकत सरकत चारचौघांसारखा बोलरकडं खांदा करून उभा झालेला असायचा. त्यानं कसोटीत ११,८६७ धावा काढल्या. गल्लीतली पोरं उभं राहण्याची नक्कल करायची आणि पहिल्या चेंडूला पायचीत व्हायची, कारण सरकणं कुणी उचललंच नाही.

तरीही क्रिकेटमध्ये हा घोळ कमी होतो. बॅट जमिनीवर टेकलेली असते, ती मागं उचलावी लागते, त्यामुळं उभं राहणं वेगळं आणि बॅकलिफ्ट वेगळी हे लहान पोरालाही दिसतं. बेसबॉलमध्ये बॅट आधीपासूनच खांद्यापाशी उभी धरलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, गडी तयार आहे, आता फक्त फिरवायची. तो तयार नसतोच, नुसता उभा असतो. बेसबॉलकडं येणारी आपली पोरं क्रिकेट खेळून आलेली असतात, शिकवणारेही बहुतेक क्रिकेटमधलेच, म्हणून सगळं लक्ष त्या उभ्या चित्रावर जातं.

आता स्टान्सचं काय ते थोडक्यात. पाय खांद्याएवढे किंवा थोडे जास्त फाकलेले, गुडघे सैल, भार चवड्यांवर, बॅट बोटांत, दोन्ही डोळे पिचरकडं. बाहेरचा चेंडू पोचेल इतपत होम प्लेटच्या, म्हणजे बॅट्समनपुढं जमिनीवर असते त्या पाटीच्या, जवळ. झालं. पुढचा पाय थोडा बाहेर ठेवा, आत ठेवा किंवा सरळ रेषेत ठेवा, हात कानापाशी असू देत नाहीतर छातीपाशी. अमेरिकेचा स्टॅन म्यूझियल इतका मुरडून उभा राहायचा की कोपऱ्याआडून डोकावतोय असं वाटावं, आणि त्यानं ३,६३० हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारल्या. तिथल्याच कॅल रिपकेननं कारकिर्दीत कितीतरी वेळा स्टान्स बदलला, त्याच्या ३,१८४. जपानचा इचिरो तर आधी एका हातानं बॅट पिचरकडं उभी धरून बाही ओढायचा. तो धड स्टान्सही नव्हे, देवाला हात जोडून दुकान उघडण्यातला प्रकार.

खरी गंमत टेकल्यावर आहे.

उजव्या हाताच्या बॅट्समनचं बोलू. पिचर हात मागं नेतो तेव्हा हा थोडा भार उजव्या पायावर घेतो, हात बोटभर मागं जातात. याला लोड म्हणतात. मग डावा पाय पिचरच्या दिशेनं वीतभर पुढं जातो, तो स्ट्राइड. पाय पुढं जातो, पण हात त्याच्याबरोबर पुढं येत नाहीत, मागच्या खांद्यापाशीच राहतात. एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे. पाय पुढं, हात मागं, मध्ये कंबर आणि पाठ पिळलेली. ओला टॉवेल पिळताना दोन टोकं उलट्या दिशेला जातात तसं. पाय चवड्यावर हलका टेकतो, साधारण ४५ अंशांत उघडलेला. डावा खांदा अजून मिटलेला, डोकं हललेलं नाही, भार अजून बराचसा मागच्या पायावर. इथून टाच खाली दाबली की आधी कंबर फिरते, मग छाती, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी बॅट सणकन येते.

म्यूझियल असो, रिपकेन असो की ओ, या क्षणाची चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर फरक फार थोडा उरतो. ओचा बगळ्याचा पायही यासाठीच होता. १९६१ साली त्याचे होम रन १३. तो चेंडूवर आधीच झेपावायचा, हातांचा ताल चुकायचा. अराकावा नावाच्या कोचनं १९६२ मध्ये त्याला एका पायावर उभं केलं, म्हणजे पुढं पडायला वावच राहिला नाही. त्या वर्षी ३८ झाले. पाय उचलणं हे औषध होतं, आणि माझा पुतण्या दुखणं नसताना ते पीत होता. जपानच्याच ओहतानीनं २०१८ साली अमेरिकेत गेल्या गेल्या उलटं केलं. पाय उचलणं सोडलं आणि नुसता चवडा टेकवायला लागला, कारण तिथल्या पिचिंगपुढं त्याला वेळ पुरत नव्हता.

वेळेचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचरची पट्टी होम प्लेटपासून ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू तिथून साधारण ०.४ सेकंदात येतो. त्यातला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपासचा वेळ निव्वळ बॅट फिरायला जातो. अमेरिकेत १२ वर्षांच्या पोरांना ४६ फुटांवरून टाकतात. ताशी ८० चा चेंडू धरला तरी पोराच्या हातात सहा दशांश सेकंदच असतात. इतक्यात आधी हात खाली, मग वर, मग मागं असा प्रवास करायला जागा नसते. पाय टेकताना हात ठिकाणावर नसले तर नंतर ते ठिकाणावर येतच नाहीत.

आता माझी चूक. मी तीन आठवडे रोज सकाळी एकच आरोळी ठोकत होतो, "कोपर वर!" जाळीमागच्या प्रत्येकाला पाठ असलेलं वाक्य. पोरगं शहाणं, कोपर वर ठेवायचं. उभं असताना एकदम फोटोतल्यासारखं दिसायचं. चेंडू मात्र बॅटच्या खालून निसटायचे किंवा वर उडून झेल जायचे. शेवटी फोनवर स्लो मोशन लावलं, सेकंदाला २४० चित्रं. एकेक चित्र सरकवत पाय टेकला तिथं थांबलो. वर धरलेलं कोपर त्याला जड होत होतं, म्हणून पाय उचलताच ते बरगडीवर आदळायचं. हात छातीखाली, बॅटचं टोक पाठीमागं लोंबलेलं. म्हणजे माझ्या आरोळीनं स्टान्स सुधारला होता आणि टेकल्यावरची ठेवण बिघडवली होती. तो काही बोलला नाही, फोन हातात घेऊन आणखी दोनदा बघितलं आणि म्हणाला, "तुम्हीच सांगितलंवतं."

त्यात अजून एक भानगड निघाली. बॅट उसनी होती, वरच्या गटातल्या पोराची. ३३ इंच, ३० औंस, म्हणजे जवळपास ८५० ग्रॅम. त्याच्या मापाची २९ इंची, १९ औंसांची बॅट ५४० ग्रॅमच्या आतबाहेर भरते. तीनशे ग्रॅमचा फरक दुकानात उचलून कळत नाही, पाय टेकताना कळतो. हलकी बॅट दिल्यावर निम्मं काम न सांगता झालं. बॅटवर उणे १० किंवा उणे ३ असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे लांबीच्या इंचांपेक्षा वजनाचे औंस किती कमी ते. घ्यायला जाल तेव्हा रंगापेक्षा तो आकडा बघा.

शब्दांनीही घोळ वाढतो. एकदा मी म्हणालो, "टॉप हँड सैल पडलाय." पुतण्यानं उजवा हात आवळला, मला म्हणायचा होता डावा. क्रिकेटमध्ये बॅट खाली लोंबते, म्हणून उजव्या बॅट्समनचा दांड्याच्या वरच्या टोकाकडचा डावा हात हा टॉप हँड. बेसबॉलमध्ये बॅट वर उभी असते, म्हणून उजवा हात वर येतो आणि टॉप हँड तोच. दोघंही बरोबर होतो. तेव्हापासून आमच्याकडं 'घड्याळाचा हात' आणि 'बिनघड्याळाचा हात' चालतं.

मग स्टान्सकडं बघायचंच नाही का? बघायचं, पण टेकल्यावर काही बिघडलेलं दिसलं तरच. डावा पाय दर वेळी प्लेटपासून लांब, थर्ड बेसकडं पडत असेल तर दोन कारणं असू शकतात. चेंडूची भीती असेल, तर स्टान्स बदलून काही होणार नाही. टेनिस बॉल घेऊन आठवडाभर जवळून टॉस टाकावे लागतात. किंवा पोरगं प्लेटला फार चिकटून उभं असेल आणि जागा करून घ्यायला बाहेर पडत असेल. मग प्लेटपासून चार बोटं लांब उभं करायचं, बस. पहिल्यात दोष मनात, दुसऱ्यात उभं राहण्यात, पण बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. ओळखायची माझी पद्धत गावठी आहे. चेंडू टीवर ठेवून मारायला लावतो. (आमची टी म्हणजे प्लंबरकडचा पाइप, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.) टीवरचा चेंडू कुणाला लागत नाही. तिथंही पाय बाहेर पडला तर जागेचा प्रश्न, तिथं सरळ पडला तर भीतीचा.

शिवाय या वयात अंगच थांबत नाही. जूनमध्ये शाळेची पँट आखूड होते, त्याच सुमारास गेल्या वर्षीचा स्टान्सही आखूड होतो. पाय लांबले की तेवढाच फाकवलेला पवित्रा अरुंद पडतो, स्ट्राइड लांबतो, डोकं खाली-वर व्हायला लागतं. म्हणून १२ व्या वर्षी घोटून घेतलेला स्टान्स १४ व्या वर्षी मोडावा लागला तर वाईट वाटून घेऊ नये. घोटायचंच असेल तर टेकून थांबणं घोटावं. लोड, स्ट्राइड, आणि पाय टेकला की जागच्या जागी गोठायचं. मी "एक" म्हणतो, हात कुठं आहेत ते तो स्वतः मान न वळवता सांगतो, मग मारतो. सुरुवातीला तो छातीकडं आलेले हात "खांद्यापाशी" म्हणून सांगायचा. आपलं अंग कुठं आहे हे आपल्यालाच कळत नाही, ते कळायला त्याला दीड महिना लागला.

सध्या त्यानं नवीन खूळ काढलंय. उभं राहिलं की बॅट दोनदा प्लेटवर आपटायची, तिसऱ्यांदा खांद्यावर. कुठून आलं माहीत नाही, वहिनींच्या मते माझ्याकडूनच. मी काही बोलत नाही. परवा २० चेंडूंचं शूटिंग केलं, त्यात १३ वेळा हात मागं राहिले होते. उरलेल्या सातांत पाच शेवटचे, म्हणजे दमला होता. आज दहा-दहाच्या दोन पाळ्या करून बघायचंय, पाऊस उघडला तर.