स्वभाव वेगळा, चारित्र्य वेगळं: जोकोविचवरचं भांडण नेमकं कुठं घसरतं

जानेवारी २०२२. यावल तालुक्यातल्या एका मळ्यात आम्ही आठ-नऊ जण भरीत पार्टीला जमलो होतो. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, भरीत ठेचायची लाकडी बडगी धुऊन ठेवली होती, आणि सर्बियाचा टेनिसपटू नोव्हाक जोकोविच याला ऑस्ट्रेलियानं परत पाठवल्याची बातमी प्रत्येकाच्या मोबाइलवर होती. वांगी सोलून होईपर्यंत दोन तट पडले. मावसभाऊ म्हणाला, "वीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या माणसाला नावं ठेवणारे आपण कोण?" नानांनी जाळ सारता सारता निकाल देऊन टाकला, "खेळाडू मोठा शे, पन मानूस चांगला नही." पुरावे विचारले तर नानांनी बोटांवर मोजून दाखवले: रॅकेट आपटतो, लाइनवर उभ्या बाईला बॉल मारला, लोकांकडे डोळे वटारतो, लस घेत नाही, खोटा फॉर्म भरतो.

पाच गोष्टी, एकच पोतं. तेव्हापासून हेच पोतं मी जळगावच्या चहाच्या टपरीवर पाहिलं, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर पाहिलं, लग्नाच्या पंगतीत पाहिलं. बाजू बदलतात, घोळ तोच राहतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

यशाबद्दल फार बोलत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. २४ ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधली विजेतेपदं: ऑस्ट्रेलियात १०, विम्बल्डन ७, अमेरिकेत ४, पॅरिसमध्ये ३. जागतिक क्रमवारीत ४२८ आठवडे पहिला. २०२४ मध्ये पॅरिसलाच स्पेनच्या अल्काराझला हरवून ऑलिम्पिकचं सुवर्ण. फेडरर २० वर थांबला, नदाल २२ वर. 'सर्वांत मोठा कोण' हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा, माझ्या मते आकड्यांपुरता तो संपला आहे.

खरा घोळ यशाच्या पुढच्या पायरीवर आहे. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, स्वभाव आणि चारित्र्य, आणि टेनिसवर बोलताना आपण ते एकाच्या जागी दुसरा वापरतो. (चारित्र्य म्हटलं की आपल्याकडे पुष्कळांना फक्त बाईची अब्रू आठवते. तो अर्थ मला मुळातच नकोसा वाटतो, इथं तर तो लागूच नाही.) स्वभाव म्हणजे माणूस विचार करायच्या आत जे करतो ते. चारित्र्य म्हणजे विचार करायला पुरेसा वेळ असताना, दुसरा रस्ता समोर दिसत असताना, तो जे करतो ते. आणि त्याची किंमत कोण भरतो, हेही त्यातच आलं.

केळीवाल्यांना हे समजवावं लागू नये. आमच्या बागेत वर्षानुवर्षं दोन व्यापारी माल घ्यायला यायचे. एक तोंडाचा इतका फटकळ की कापणीच्या मजुरांशी त्याचं रोज वाजायचं, घड जरा बारीक निघाला की शिव्या. पण बोर्डावरचा, म्हणजे बाजारात जाहीर झालेला भाव म्हणजे तोच भाव, काटा सरळ, आणि ठरल्या दिवशी पैसे घरपोच. दुसरा आल्या आल्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, ओट्यावर बसून चहा घ्यायचा, 'अण्णा, तुमच्यासारखी बाग नाही' म्हणायचा. वजनात त्याची कटती मात्र दर वेळी जास्त, आणि पैशासाठी तीन-तीन महिने हेलपाटे. माझ्या वडिलांनी चार वर्षं माल या दुसऱ्यालाच दिला, कारण 'माणूस गोड आहे'. चार वर्षांचा तो तोटा मला अजून आठवतो. म्हणूनच कुणी 'स्वभाव बघा ना त्याचा' म्हणालं की मी लगेच कान टवकारतो.

आता नानांचं पोतं सोडू.

रॅकेट आपटणं हा स्वभाव. २०२३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात अल्काराझविरुद्ध पाचव्या सेटमध्ये सर्व्हिस तुटली, म्हणजे स्वतः सर्व्हिस करत असलेला गेम गेला, आणि जोकोविचनं नेटच्या खांबावर रॅकेटचा चुरा केला. दंड झाला, तो भरला. वाईट दिसतं, पोरांनी शिकू नये, मान्य. पण यात कुणाचं काय गेलं? रॅकेट त्याचीच. लोक लगेच फेडररचं उदाहरण देतात, तो कसा शांत. तोच फेडरर तरुणपणी रॅकेट फेकायचा, आणि २००९ मध्ये मायामीत जोकोविचशी खेळतानाच त्यानं रॅकेट जमिनीवर आपटून मोडली होती. त्यानं पुढे स्वतःला आवर घातला, हे मोठंच. नदालनं तर कारकिर्दीत रॅकेट आपटली नाही, कारण काका टोनींनी लहानपणीच ती शिस्त लावली होती. म्हणजे स्वभावाला लगाम घालता येतो आणि जोकोविचला तो पुरता घालता आलेला नाही. एवढं म्हणा, मी तुमच्या बाजूनं. पण एवढ्यावरून 'माणूस चांगला नही' म्हणाल तर नाही.

बॉलचं प्रकरण जरा वेगळं. ६ सप्टेंबर २०२०, अमेरिकन ओपनची चौथी फेरी, समोर पाब्लो कारेन्यो बुस्टा. पहिल्या सेटमध्ये ५-६ असा मागे पडल्यावर जोकोविचनं खिशातला बॉल न बघता मागे फटकारला आणि तो लाइन जजच्या, म्हणजे रेषेवर नजर ठेवणाऱ्या पंच बाईच्या गळ्यावर बसला. त्या वर्षी तोवर तो एकही सामना हरला नव्हता. सामना तिथंच संपला, जोकोविच स्पर्धेबाहेर. हेतू नव्हता हे सगळ्यांनीच मान्य केलं, पण नियम हेतू विचारत नाही, आणि विचारू नयेच. निर्णय बरोबर होता. बॉल लागला हा स्वभावाचा दोष, आणि दुखापत दुसऱ्याला झाली म्हणून शिक्षा मोठी. चारित्र्य बघायचंच असेल तर पुढचे चोवीस तास बघा, कारण तिथं त्याला वेळ होता. पत्रकारांना सामोरं न जाता तो निघून गेला, हे उणं. मग त्यानं जाहीर माफी मागितली, आणि त्याचे चाहते त्या बाईच्या मागे लागले तेव्हा तिची काही चूक नाही, तिला सांभाळून घ्या, असं त्यांना सांगितलं. हे अधिक. असा हिशेब मांडायचा तर मांडा. 'बाईला बॉल मारला' एवढं म्हणून थांबणं म्हणजे हिशेबाची अर्धी पट्टी वाचून केळीचा भाव सांगणं.

आता ऑस्ट्रेलिया. इथं सगळ्यात जास्त गल्लत होते आणि इथंच मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

आधी घटना सरळ करू, कारण जवळपास प्रत्येक जण त्या उलटसुलट सांगतो. जोकोविच लस न घेता, नुकताच करोना होऊन गेल्याच्या आधारावर लशीच्या सक्तीतून सूट मिळवून मेलबर्नला उतरला. विमानतळावर सूट अपुरी ठरवून व्हिसा रद्द झाला आणि त्याला निर्वासितांना ठेवलेल्या एका हॉटेलात हलवलं. १० जानेवारीला न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला, कारण विमानतळावर त्याला उत्तर द्यायला कबूल केलेला वेळच दिला नव्हता. मग १४ तारखेला स्थलांतर खात्याच्या मंत्र्यांनी स्वतःच्या अधिकारात व्हिसा पुन्हा रद्द केला. कारण दिलं सार्वजनिक आरोग्याचं आणि सुव्यवस्थेचं: त्याच्या तिथं असण्यानं लसविरोधाला बळ मिळेल. १६ तारखेला तीन न्यायाधीशांनी मंत्र्यांचा अधिकार मान्य केला आणि तो त्याच रात्री निघाला. म्हणजे 'खोट्या फॉर्ममुळे हाकललं' हे चूक. आधीच्या चौदा दिवसांत प्रवास केला नाही अशी खूण फॉर्मवर होती आणि प्रत्यक्षात तो स्पेनला जाऊन आला होता, हे खरं. ती चूक आपल्या टीमकडून झाली असं त्यानं सांगितलं. पण त्याला बाहेर काढलं ते त्यासाठी नव्हे.

मग लस न घेण्याचं काय? मी स्वतः पहिल्या रांगेत उभं राहून लस घेतली, आईवडिलांना घेऊन गेलो, आणि जोकोविचची ती भूमिका मला आजही साफ चुकीची वाटते. पण चुकीची भूमिका घेणं आणि चारित्र्यानं कमी असणं या दोन गोष्टी आहेत. त्यानं लस घेतली नाही, लपवलं नाही, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. तेव्हा तो, फेडरर आणि नदाल तिघंही २० वर होते. त्या जानेवारीत तो घरी बसला आणि नदाल २१ वर गेला. फेब्रुवारीत बीबीसीवर त्यानं सांगितलं की करंडक गेले तरी चालतील. त्याच वर्षी अमेरिकन ओपनही गेलं. स्वतःच्या म्हणण्यासाठी स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याला मी हेकट म्हणेन. खोटा म्हणणार नाही.

पण मावसभावानं लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण त्याच गोष्टीत एक तारीख आहे जी दोन्ही तट विसरतात. १८ डिसेंबर २०२१.

जोकोविचच्याच म्हणण्यानुसार १६ डिसेंबरला त्याची चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. १८ तारखेला, आपण पॉझिटिव्ह आहोत हे माहीत असताना, त्यानं बेलग्रेडमध्ये फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकाला ठरलेली मुलाखत दिली आणि फोटोही काढून घेतले. पुढे जानेवारीत त्यानं लिहिलं की पत्रकाराला नाराज करायचं नव्हतं, अंतर ठेवलं होतं, फोटोपुरताच मास्क काढला होता, आणि मुलाखत पुढे ढकलायला हवी होती, आपला निर्णय चुकला.

इथं संताप नव्हता, पाचवा सेट नव्हता, ओरडणारे प्रेक्षक नव्हते. एक फोन केला असता तर मुलाखत पुढे गेली असती. वेळ होता, दुसरा रस्ता होता, आणि धोका दुसऱ्याच्या घरी जाणार होता. एप्रिल २०२१ मध्ये आमच्याकडे बेडसाठी लोक जळगाव, धुळे, नाशिक असे फिरत होते. पॉझिटिव्ह रिपोर्ट खिशात ठेवून लग्नाला येणाऱ्यांची नावं आम्ही अजून विसरलेलो नाही. जोकोविचच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं तर या तारखेवर ठेवा. नानांच्या पाच पुराव्यांत ही गोष्ट नव्हती.

जून २०२० ची आड्रिया टूरही याच खान्यात. साथीच्या दिवसांत बेलग्रेड आणि क्रोएशियातल्या झादरला त्यानं पुढाकार घेऊन सामने भरवले, गच्च प्रेक्षक, गळाभेटी, नाइट क्लबात नाच. दिमित्रोव, चोरिच, ट्रॉइकी हे खेळाडू, तो स्वतः आणि त्याची बायको, सगळे पॉझिटिव्ह निघाले. सामने धर्मादाय होते आणि तिथल्या नियमांत बसत होते. त्यानं माफीही मागितली. पण तीही ठरवून, महिनाभर आधी आखलेली गोष्ट होती, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो धडा त्याला आठवायला हवा होता.

चाहत्यांचा घोळ उलट दिशेनं चालतो. १४ जुलै २०१९ आठवा. एकीकडे लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना, दुसरीकडे विम्बल्डनचा. आमच्या घरात रिमोट चार हातांतून फिरला. फेडररकडे ८-७, ४०-१५ असे विजयाचे दोन गुण होते, सगळं सेंटर कोर्ट त्याच्या बाजूनं, आणि जोकोविचनं तो पाचवा सेट १३-१२ नं काढला. समालोचक अशा वेळी म्हणतात, 'चारित्र्य दाखवलं'. या वाक्याचा मला मनापासून राग आहे. ती जिद्द आहे, डोकं थंड ठेवण्याची जबरदस्त कमाई आहे, तिला हवा तेवढा सलाम करा. पण दोन गुण वाचवून कुणी सज्जन होत नाही आणि दोन गुण घालवून फेडरर दुर्जन झाला नाही. १९९९ मध्ये नाटोचे बॉम्ब पडत असताना अकरा-बारा वर्षांचा हा पोरगा बेलग्रेडच्या तळघरात रात्री काढत होता. त्यातून त्याची चिवट वृत्ती आणि सगळं जग आपल्याविरुद्ध आहे असं वाटणं, दोन्ही समजतं. समजणं म्हणजे माफी नव्हे आणि शाबासकीही नव्हे.

त्याच्या बाजूनं चारित्र्याचे पुरावे हवेत तर ते आहेत, फक्त कमी गाजलेले. मार्च २०२० मध्ये त्यानं आणि बायको येलेनानं सर्बियातल्या व्हेंटिलेटरसाठी दहा लाख युरो दिले. त्याचं प्रतिष्ठान २००७ पासून लहान मुलांच्या शिक्षणात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अर्जेंटिनाचा टेनिसपटू देल पोत्रोच्या निरोपाच्या सामन्यासाठी तो ब्युनोस आयर्सला गेला.

बाकीच्या जोड्या पटकन. लोकप्रियता म्हणजे आदर नव्हे. २०२१ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात न्यूयॉर्कनं त्याला पहिल्यांदा इतकं उचलून धरलं की मेदवेदेवकडून हरतानाच तो टॉवेलात तोंड घालून रडला. आदर त्याला आधीपासून होता, माया त्या दिवशी मिळाली. आणि २०२३ मध्ये पॅरिसला कॅमेऱ्याच्या काचेवर सर्बियापासून वेगळं झालेल्या कोसोवोबद्दल लिहिलं ते राजकीय मत. पटो न पटो, त्याचा खाना तिसरा.

आता शेवटचा एक दिवस, ३१ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक. कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा समोर कारेन्यो बुस्टा. जोकोविच हरला, हरताना एक रॅकेट रिकाम्या स्टँडमध्ये भिरकावली आणि दुसरी नेटच्या खांबावर मोडली. हे चित्र सगळ्यांच्या लक्षात आहे, नानांच्याही. त्याच दिवशी मिश्र दुहेरीचा कांस्यपदकाचा सामना होता. खांदा दुखतोय म्हणून त्यानं माघार घेतली आणि पदक न खेळता बार्टी आणि पीअर्स या ऑस्ट्रेलियन जोडीकडे गेलं. खांदा खरंच खेळू देत नसेल तर दोष नाही. पण त्याची सर्बियन जोडीदार होती निना स्टोयानोविच, आणि पदकाची तिची ती संधी त्या दिवशी कोर्टावर न उतरताच गेली. रॅकेटबद्दल मला आजवर शंभर जणांनी सांगितलं. निनाचं नाव एकानंही घेतलेलं नाही.