ट्रेलरचे टायर : भार, वेग आणि हवेचा दाब

स्वतःचे इंजिन नसलेल्या आणि मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या गाडीला ट्रेलर म्हणतात. अमेरिकेत बोटी, घोडे किंवा फिरती घरे नेणाऱ्या ट्रेलरांसाठी वेगळे टायर बनवतात. त्यांच्या मापाआधी ‘एसटी’ ही अक्षरे असतात.

टायरवरचे वजन मुख्यतः रबर नव्हे, तर आत कोंडलेली हवा पेलते. म्हणून टायरची भारक्षमता ठरावीक दाबालाच खरी असते. एसटी 225/75 आर 15 या मापाचा ‘डी’ श्रेणीचा टायर दर चौरस इंचास 65 पौंड दाबाला 1,150 किग्रॅ. पेलतो, तर त्याच मापाचा ‘ई’ श्रेणीचा टायर 80 पौंडांना 1,285 किग्रॅ. पेलतो. वजनकाट्यावर एकूण वजन मर्यादेत भरले, तरी सामान एका बाजूला रचलेले असल्यास त्या बाजूचे चाक मर्यादा ओलांडू शकते. त्यामुळे प्रत्येक चाकावरचे वजन वेगळे पाहणे हाच खरा उपाय होय.

वेगाचा परिणाम उष्णतेतून होतो. रस्त्याला टेकलेला भाग दबतो, सुटताच पूर्ववत होतो आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरात उरते. वरील मापाचा टायर ताशी 100 किमी. वेगाने मिनिटाला सुमारे 740 फेरे घेतो. हवा कमी किंवा वजन जास्त असेल, तर त्याची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठत जाते आणि अखेर पोलादी तारांच्या पट्ट्यांना धरून ठेवणारे रबर सुटून टायर उखडतो. एसटी टायरांसाठी पूर्वी ताशी 65 मैल, म्हणजे सुमारे 105 किमी., ही मर्यादा सर्रास मानली जाई. आता अनेक टायरांवर ‘एल’ (120 किमी.) किंवा ‘एम’ (130 किमी.) असे वेगचिन्ह असते, मात्र ते पुरेशी हवा गृहीत धरूनच दिलेले असते.

दाब प्रवासापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. तापमान 5 ते 6 अंश सेल्सिअसने वाढले, की दाब सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. वाटेत तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा सोडणे घातक आहे, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो.

अमेरिकेत सप्टेंबर 2007 पासून नव्या मोटारींना दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, ट्रेलरांना नाही. शिवाय मागे बसत चाललेला टायर चालकाला जाणवत नाही. एकामागे एक दोन आस असलेल्या ट्रेलरात अशा टायरचा भार शेजारच्या टायरवर जातो. म्हणून एक फुटल्यास दुसरा वरून शाबूत दिसला, तरी रिमवरून उतरवून आतून तपासावा लागतो.