पाणलोट जितका मोठा, गाळ तितका कमी?

नदीच्या गाळाचा हिशेब आधी मांडला गेला तो जलाशयांच्या काळजीपोटी. अमेरिकेत १९३०च्या दशकात तळी किती भरली याची सर्वेक्षणं सुरू झाली, आणि लहान पाणलोटांत दर चौरस किलोमीटरमागे गाळ जास्त, मोठ्यांत कमी असं दिसू लागलं. १९७५पर्यंत सुमारे ३०० पाणलोटांवरून सूत्रही तयार झालं: सुटलेल्या मातीपैकी मुखाशी पोहोचणारा वाटा क्षेत्रफळाच्या उणे ०.१२५ घाताने बदलतो. पाणलोट दसपट, तर वाटा पाव हिश्श्याने कमी.

खरा घोळ ‘गाळाचं उत्पन्न’ या शब्दात आहे. समजा, १० चौरस किलोमीटरच्या ओढ्यातून वर्षाला ५ हजार टन गाळ येतो आणि १ हजार चौरस किलोमीटरच्या नदीतून २ लाख टन. एकूण उत्पन्न चाळीसपट वाढलं, पण दर चौरस किलोमीटरमागे ५०० टनांवरून २०० टनांवर आलं. दोघांनाही उत्पन्नच म्हणतात! शिवाय हा नियम दाखवणाऱ्या आलेखाच्या आडव्या अक्षावर क्षेत्रफळ, आणि उभ्या अक्षावरच्या आकड्याला भागलंय तेही क्षेत्रफळानेच. त्यामुळे आलेखातला काही उतार नुसत्या गणितातूनच येतो. हा आक्षेप जुना आहे, तरी सूत्र बिनदिक्कत वापरलं जातं, हे मला पटत नाही.

मुखाशी न पोहोचलेली माती वाटेतच थांबते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओढ्यांचे काठ पाहिले, तर तळाशी मूळची काळी जमीन आणि तिच्यावर नांगरट सुरू झाल्यानंतर वाहून आलेला फिकट गाळ असे थर सरळ दिसतात. तिथल्या एका खोऱ्यात धूप पुढे खूप कमी झाली, पण मुखाशी जाणारा गाळ जवळपास तेवढाच राहिला; साठलेला जुना गाळ सुटत होता.

१९८९मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नद्यांच्या अभ्यासाने नियमच उलटा केला. तिथे सुमारे ३० हजार चौरस किलोमीटरपर्यंत दर चौरस किलोमीटरचा गाळ वाढतच जातो, कारण नद्या अजून हिमयुगातल्या हिमनद्यांनी टाकलेला गाळ उपसताहेत. १९९२मध्ये २८० नद्यांच्या आकड्यांतून डोंगराळ लहान नद्यांचं महत्त्व कळलं. त्यामुळे १९८३मध्ये साडेतेरा अब्ज टन धरलेला, जगभरातून समुद्रात जाणाऱ्या वार्षिक गाळाचा अंदाज २० अब्जांच्या आसपास गेला.

आता मुखाशी मोजलेल्या आकड्यात धरणंही आली. इजिप्तमधलं आस्वान धरण झाल्यानंतर नाईलच्या मुखाशी गाळ जवळजवळ येतच नाही. नाईलला गाळ पुरवणाऱ्या इथिओपियाच्या पठारावरची धूप मात्र चालूच आहे.